पितळी तबकडीची बारा घड्याळं

१ डिसेंबर
रत्नमालेनं आज ही डायरी माझ्या हातात ठेवली. पतसंस्थेची, गेल्या वर्षीची, निम्मी कोरी. म्हणाली, "तुमच्या डोक्यात जे चालू आहे ते याच्यात लिहा. माझ्या कानाले जरा सुटी द्या." चोवीस वर्षांच्या संसारात बायकोनं सुटी मागितली, नाही कसं म्हणणार?

तर लिहितो. मी जीवन रामटेके. भंडाऱ्याच्या बाजारात माझं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे, अठ्ठावीस वर्षं झाली. हल्ली घड्याळ कोणाचं बिघडतच नाही, सेल तेवढा संपतो. गिऱ्हाईक येतं, मी झाकण उघडतो, सेल बदलतो, झाकण बसवतो. लोक घड्याळजी म्हणतात ते केवळ शिष्टाचार म्हणून.

रत्नमाला अड्याळकडच्या एका उपकेंद्रात नर्स आहे. तिच्या हाताखाली बारा आशाताई. गावात तान्ह्या लेकराला खोकला झाला की त्यांनी त्याची छाती एक मिनिटभर बघायची आणि श्वास मोजायचे. मोबाईलमध्ये बघून मोजायला गेलं की नेमका स्क्रीन विझतो आणि मोजणी चुकते. मनगटावर सेकंदकाटा असला की काम सोपं. पण या बायांची घड्याळं सेल संपून महिनोन्महिने बंद पडलेली असतात. आशांना सामान पुरवणारी नागपूरची एक संस्था आहे. तिथल्या मनाली मॅडमनी विचारलं, सेल न लागणारं, उन्हावर चालणारं घड्याळ कोणी करून देईल का? बारा घड्याळं तीस दिवस न थांबता चालली, तर जिल्ह्यासाठी दीडशे घेऊ. नाही चालली तर दिल्लीची तयार प्लास्टिकची मागवू.

मी "देतो" म्हणालो, आणि वर म्हणालो, तबकडी पितळेची देतो. त्याचं कारण तुलाराम. तो माझ्या वर्गातला, भांडी घडवणारा. त्याच्यासारखा हात या बाजारात उरला नाही, पण पितळ घेतो कोण? पोरगा सचिन पुण्याला बोलावतोय. तुलारामनं ठरवलंय, पाडवा झाला की दुकानाला कुलूप. हे काम मिळालं तर तो राहील. हे सगळं त्याच्यासाठी चाललंय असं मी त्याला सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो ताबडतोब नाही म्हणेल, एवढा तो आखडू आहे. तो गेला तर मला या गावात दुसरा मित्र नाही, हेही लिहून ठेवतो.

५ डिसेंबर
घड्याळाच्या आत बसणारं, उन्हावर चालणारं मशीन आलं. स्वस्तातलंच आहे. एकदा भरलं की अंधारात दहा-बारा दिवस चालतं, मग थांबतं. उजेड मिळत राहिला तर प्रश्न नाही, आणि आशाताई दिवसभर उन्हात हिंडतात.

खरी अडचण तबकडीची. मशीनच्या तोंडावर ऊन पिणारी काळपट जांभळी चकती असते. ती उघडी ठेवली तर घड्याळ हिशेबाच्या यंत्रासारखं दिसतं. पितळेनं झाकली तर ऊन पोचत नाही. म्हणजे पितळेला भोकं पाडणं आलं.

तुलारामला सांगितलं तर त्यानं हातोडी खाली ठेवली. "माह्या बापानं जिंदगीभर भांड्याची भोकं बुजवली. अन् तू मले भोकं पाडाले सांगून राहिला?"

"बारीक पाड," मी म्हणालो.

"भोक ते भोकच असते बे."

१४ डिसेंबर
आज तुलारामनं रुमालात गुंडाळलेली एक तबकडी माझ्या काउंटरवर ठेवली. तापवून मऊ केलेल्या राळेवर पत्रा घट्ट बसवून त्यानं धानाची लोंबी कोरली होती, एकेक दाणा आरपार. मी ती मशीनवर ठेवली. दाण्यांतून मागचा रंग वांग्याच्या सालीसारखा चमकला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते भिंगामुळे आलं असं मी तुलारामला सांगितलं.

मोबाईलनं उजेड मोजला. शंभरातला तीस भाग आत जातो. थोडा कमीच, पण चालेल.

२८ डिसेंबर
लोंबीचं घड्याळ दुकानाच्या दाराशी काउंटरवर दोन आठवडे ठेवलं. सेकंदाचाही फरक नाही. तरी मला तीसची भीती वाटते. म्हणून आठ लोंबीची आणि चार मोठ्या गोल भोकांची करायचं ठरवलं. मोठ्या भोकांतून पंचावन्न भाग उजेड जातो. तुलारामनं त्या चार तबकड्या अर्ध्या तासात केल्या, पॉलिशही केलं नाही. "हे घे तुह्या चाळण्या," म्हणाला.

३ जानेवारी
उपकेंद्राच्या मीटिंगमध्ये घड्याळं वाटली. चिठ्ठ्या टाकल्या. लोंबी मिळालेल्या बायांचे चेहरे बघण्यासारखे होते, चाळणी मिळालेल्यांचेही. चाळणीवाली रुपा, सगळ्यांत लहान आशा, तोंड फुगवून म्हणाली, "आमचंच नशीब चहा गाळाचं." पण लगेच मनगटावर चढवलं. गोदावरीबाई सगळ्यांत जुन्या, वीस वर्षं हेच काम करतात. त्यांनी लोंबी दोन-तीनदा बोटानं चाचपली, मग घड्याळ रुमालात बांधून पिशवीत ठेवलं.

एक अपघात झाला. पंचफुलाबाईंच्या हातून लोंबीचं घड्याळ फरशीवर पडलं आणि कडेला चांगलाच ओरखडा आला. बिचारी रडकुंडीला आली. बदलून देतो म्हणालो, तर म्हणाली, "असू द्या जी. आता पडलंच हाये तं असंच वापरतो."

नंतर मी छोटं भाषण केलं. सूर्य, चकती, वीज, सगळं समजावलं. बायांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटतं मला शिकवता येतं.

१८ जानेवारी
काही तक्रार नाही. म्हणजे चाललंय.

रत्नमाला म्हणाली, "गोदावरीबाईच्या हातात घड्याळ नाही दिसलं." थंडी आहे, स्वेटरच्या बाहीखाली असेल. बायकोला नसत्या शंका फार.

३ फेब्रुवारी
लिहायची इच्छा नाही, तरी लिहितो.

चाळणीची चारही चालू. लोंबीच्या आठांपैकी सहा बंद. गोदावरीबाई मीटिंगला आल्याच नाहीत, म्हणजे एक बघायचं राहिलं. पंचफुलाबाईंचं तेवढं चालू आहे, ओरखड्यावालं. तिचं मशीन जातीचंच चांगलं निघालं असणार.

मशीनमधल्या तारखेच्या चाकावरून कळलं, सहाही घड्याळं पुढेमागे चौदा-पंधरा तारखेला थांबलेली. म्हणजे रोज थोडं थोडं ऊन कमी पडत गेलं. माझी भीती खरी ठरली. तीस भाग पुरत नाही.

वाईट याचं वाटतं की बायांनी घड्याळं किती जपून वापरली! पट्टे करकरीत नवे, काचेवर एक रेघ नाही. चाळणीवाल्यांनी मात्र महिन्याभरात पट्ट्यांचं पोतेरं केलंय. बंद घड्याळांना डांबरगोळ्यांचा वास येत होता. रत्नमालेच्या पिशवीत ठेवल्यामुळे लागला असावा.

मनाली मॅडम भल्या आहेत. म्हणाल्या, "पाडव्याच्या आत तीस दिवस सलग चालवून दाखवा. त्यानंतर मला थांबता येणार नाही."

५ फेब्रुवारी
तुलारामला सांगितलं, बाराही चाळण्या कर.

त्यानं हातातला पत्रा बाजूला ठेवला. मग म्हणाला, "चाळणी कराले माही काय गरज हाये? पंच मशीन लाव, दिवसाले हजार काढन."

मीही चिडलो. सुंदर असून बंद पडलेल्या घड्याळाचं काय करायचं, असं बोललो. त्याच्या लोंबीला बंद पडलेलं म्हणालो, हे बाहेर आल्यावर लक्षात आलं. तो म्हणाला, "पाडव्याची वाट कायले पाहू? या महिन्यातच जातो पुण्याले."

घरी येऊन जेवलो नाही. रत्नमालेनं विचारलं तर अंगावर ओरडलो. पन्नाशी उलटली तरी अक्कल येत नाही माणसाला.

८ फेब्रुवारी
सकाळी एसटीनं गोदावरीबाईंच्या गावी गेलो. लोंबीचं शेवटचं घड्याळ परत घ्यायचं होतं. त्या अंगणात वाल निवडत होत्या. मनगट रिकामं.

"घड्याळ घेऊन जातो ताई," मी म्हणालो. "बंद पडलं असणार."

"बंद? नाई जी, लई जपून ठेवलं हाये. दाखवतो न."

त्यांनी कमरेची किल्ली काढली. लोखंडी कपाट उघडलं. आतल्या कप्प्याला दुसरी किल्ली. त्यातून एक शालू काढला, त्याच्या घडीतून स्टीलचा डबा, डब्यात कापूस आणि कापसात माझं घड्याळ. सोबत दोन डांबरगोळ्या.

काटे थांबलेले होते. मी ते हातात घेऊन खाटेवर बसलो.

"ताई, हे हातात कधी घातलंच नाही?"

"असं सुंदर घड्याळ घालून वावराच्या धुऱ्या-पाळ्यानं हिंडू काय? खराब नाई होणार? माह्या टीनाचं लगन हाये उन्हाळ्यात. जवायाले काही चांगलं द्याले नवतं. हे पितळेचं, वरून एकदम कोरं." मग माझ्याकडे बघून घाबरल्या. "काहून भाऊ, तब्येत बरी नाई काय?"

मला हसू येत होतं आणि रडूही. चहा पिऊन निघालो. वाटेत आणखी दोन घरी थांबलो. एकीनं घड्याळ पेटीत ठेवलं होतं, दुसरीनं धान्याच्या कणगीवरच्या डब्यात. दोघींनीही मीटिंगच्या दिवशी तेवढं बाहेर काढलं होतं.

म्हणजे लोंबीला ऊन पुरत नव्हतं असं नाही. लोंबीनं ऊन बघितलंच नव्हतं. चाळणी रोज हातात राहिली, कारण तिला जपावं असं कोणाला वाटलं नाही. पंचफुलाबाईंचं चाललं, कारण ते पडलं होतं. करकरीत पट्टे मी स्वतःच्या हातानं पुसले होते, आणि तरी मला दिसलं नाही! तीस भाग, पंचावन्न भाग मोजत बसलो. शाबास, जीवन रामटेके.

बसस्टँडवर उतरून घरी न जाता तुलारामकडे गेलो. तो सामान बांधत होता. मी आधी माफी मागितली. मग कपाट, शालू, कापूस सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला आणि मग इतका हसला की त्याला ठसका लागला.

"अन् थे म्हणाली, एकदम कोरं हाये?"

"हो."

"मंग वापरन काहून?" तो म्हणाला. "अबे, तीस वर्षं माह्या दुकानात बसून चहा पेतो, तुले इतलं नाई समजलं? बाई डब्बा घ्याले येते. घरी वापराचा असन तं म्हणते, नाव टाकून दे. आहेरात द्याचा असन तं म्हणते, नको टाकू, कोराच राहू दे. नाव टाकलं की भांडं चुलीवर चढते. नाव नसन तं कपाटात जाते."

मग तो म्हणाला, "घड्याळाच्या मांगून नाव टाकून देऊ काय एकेकीचं?"

"मागून कशाला?" मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "तू नाव कसं टाकतोस? टिंबाटिंबानं ना? प्रत्येक टिंब आरपार गेलं तर?"

त्यानं कोपऱ्यातला पत्र्याचा तुकडा उचलला आणि राळ तापवायला ठेवली. त्या वेळी मी बोलून टाकलं की हे सगळं मी त्याला इथं ठेवण्यासाठी करतोय.

"माईत होतं मले," तो पत्र्यावरून नजर न उचलता म्हणाला. "नाईतर चाळणी केली असती काय मी?"

१२ फेब्रुवारी
चार दिवस दुकान बंद. गिऱ्हाईकं सेलसाठी दाराशी येऊन परत गेली.

टिंब लहान ठेवलं तर ऊन जात नाही, मोठं केलं तर अक्षर फाटतं. तुलारामनं पाच खिळे घासून पाच मापं केली. तिसरं जमलं. ठोकल्यावर मागच्या बाजूला उठणारी कड मी कानसतो, नाहीतर काटा अडकतो. गंमत म्हणजे सगळ्यांत जास्त ऊन शिरोरेषेतून जातं. गोदावरीबाईंचं नाव तबकडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पुरतं. मोजलं तर चौतीस भाग, लोंबीपेक्षा जास्त.

घोडं अडलं रुपापाशी. दोन अक्षरं, सोळा भाग. मी रत्नमालेकडून तिला फोन करवला, आडनाव जोडू का म्हणून. रुपानं विचारलं, "सासरचं की माहेरचं?" आणि मग जरा थांबून म्हणाली, "दोन्ही नको. नुसतं रुपा लिवा."

तुलाराम म्हणाला, "मंग मोठं काढतो." आता रु आणि पा मिळून सगळी तबकडी भरली आहे. आकडे टाकायला जागा उरली नाही, फक्त बारा रेघा. अठ्ठावीस भाग. सगळ्यांत देखणं तेच झालंय.

१५ फेब्रुवारी
आज मला शंका येतेय. नाव टाकल्यानं घड्याळ आणखी मोलाचं झालं आणि बायांनी आणखी आत ठेवलं तर? तुलारामला विचारलं. तो म्हणाला, "मले भांड्याचं समजते, बायांचं नाई." रत्नमालेला विचारलं. ती फक्त हसली. ही बाई कधी सरळ उत्तर देईल तर शपथ.

१६ फेब्रुवारी
वाटली. या वेळी मी भाषण केलं नाही. तुलारामही आला होता, दाराशी उभा राहिला. नाव वाचून एकेकीच्या हातात घड्याळ देत गेलो. बोलणारी एकही नव्हती, आणि बारा आशाताई एका खोलीत असताना असं होत नाही.

पंचफुलाबाई म्हणाली, "माह्या घरच्या भांड्याइवर सासऱ्याचं नाव हाये, नाईतं नवऱ्याचं. माह्यं नाव आजवर फक्त रेशनच्या कार्डावर पाह्यलं."

गोदावरीबाईंनी घड्याळ डाव्या मनगटावर बांधलं, मग सोडलं आणि पट्टा एक भोक घट्ट करून पुन्हा बांधलं. मी त्यांना हळूच विचारलं, "जवायाले नाही देणार?"

"याच्यावर तं माह्यं नाव हाये," त्या म्हणाल्या. "त्याले दुसरं काही पाहू."

तुलाराम तिथून कधी निघून गेला ते कळलं नाही. बाहेर बघितलं तर झाडाखाली उभा राहून उपरण्यानं तोंड पुसत होता.

२ मार्च
रोज संध्याकाळी रत्नमाला बातमी आणते. आज पंचफुलाबाईनं घातलं होतं. आज रुपानं सगळ्यांना मनगट दाखवलं. आज बारापैकी अकरा दिसली. बाराव्या बाईच्या घरी पाहुणे होते, ती आलीच नव्हती. मी रात्रभर त्या बाराव्या घड्याळाचा विचार केला.

९ मार्च
रुपानं एका तान्ह्या पोराचे श्वास मोजले, मिनिटाला बासष्ट निघाले; साठच्या वर गेले की धोका. तिनं तिथूनच दवाखान्याच्या गाडीला फोन केला. पोरगं आता बरं आहे. रत्नमाला हे सांगताना नेहमीसारखी हसत नव्हती. तिनं माझा हात धरला. श्वास मोजण्यासाठी घड्याळ करतोय हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पण मी ते आज मनापासून ऐकलं असं वाटतं.

१८ मार्च
बारा घड्याळं. बारा चालू.

मी एकेक मनगट हातात घेऊन फोनशी ताडून पाहिलं. सगळ्यांत मागे पंचफुलाबाईंचं, नऊ सेकंद. पट्ट्यांना चिखल, हळद, एकाला चुन्याचा डाग. इतके घाणेरडे पट्टे बघून मला इतका आनंद याआधी झाला नव्हता.

मनाली मॅडमनी नोंद केली, मग म्हणाल्या, "छानच. यातलं एक मला द्या. नागपूरला समितीला नमुना दाखवते, दोन दिवसांत परत पाठवते. समितीनं बघितल्याशिवाय मंजुरी होत नाही."

कोणी हललं नाही. रुपानं हात पाठीमागे नेला. मॅडमनी एकेकीकडे बघितलं तशी एकेकीनं मान खाली घातली. माझा जीव टांगणीला लागला. एक घड्याळ मागितलंय, बायांनो, एकच! मी डोळ्यांनी खुणा करत होतो. रत्नमालेनं मला कोपरानं ढोसलं.

शेवटी गोदावरीबाई उठल्या. "मॅडम, राग नका मानू. नाई देऊ शकत. माह्यं नाव हाये याच्यावर."

"अहो, परत देणार आहे."

"दोन दिवसात कोणाचं लेकरू बिमार पडलं तं? मी मनगट पाहू अन् रिकामं दिसन."

मॅडम त्यांच्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, गेलं. दिल्लीचं प्लास्टिक आलं. मग त्यांनी स्वतःच्या हातातलं चौकोनी काळं घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं.

"रामटेके, माझंच एक करा उद्यापर्यंत. मनाली. तेच घालून जाते समितीपुढे. नाही कोण म्हणतं ते बघू. आणि दीडशे जणींची यादी पाठवते, नावं नीट तपासून घ्या."

१९ मार्च, पाडवा
सकाळी मॅडमचं घड्याळ नागपूरच्या बसनं रवाना केलं. सणाची सुटी असूनही समिती बसली होती; दुपारी त्यांचा फोन आला. मंजूर. पाठोपाठ यादी आली. ती छापून घेऊन मी तुलारामकडे गेलो. त्याची बॅग दाराशीच होती, उद्याचं तिकीट वरच्या कप्प्यात खोचलेलं.

मी कागद त्याच्या पुढ्यात ठेवले. चार पानं. त्यानं चष्मा लावला आणि ओठ हलवत पहिलं पान शेवटपर्यंत वाचलं. मग माझ्यासमोरच सचिनला फोन लावला.

"नाई येऊन राहिलो बाबू," तो म्हणाला. "नाई, तब्येत चांगली हाये. बायांची नावं टाकाची हायेत. दीडशे... अरे, मी काय सांगू कधी येईन थे? एक झाल्याशिवाय दुसरं हाती घेता येत नाई."

फोन ठेवून त्यानं राळेवर पत्रा बसवला, तिसरा खिळा उचलला आणि "बोल," म्हणाला.

"सत्यभामा," मी वाचलं.

"लंबं हाये," तुलाराम म्हणाला. "ऊन चांगलं जाईन." आणि त्यानं पहिलं टिंब ठोकलं.